भुशीच्या राणीची भाषा

लहानपणी भुशीच्या ओढ्याकाठी आम्हा बहिणींचं राज्य होतं. तिथली भाषा अक्कानंच रचली होती. जो ती भाषा न अडखळता बोलेल त्याला सोनकीच्या फुलांचा मुकुट; चुकेल त्यानं गुरं राखायची. मुकुट कायम अक्काच्या डोक्यावर, मी कायम गुराखी. लग्नानंतर लेकीला निजवताना मी तीच भाषा घोटून पक्की केली. परवा अक्का इंदुरीला माझ्या सासरी आली. सासूबाई आमच्या मधोमध बसल्या, उठेचनात. नवऱ्याचा मार त्यांच्यासमोर सांगणार कसा? मग चहा देताना मी राजभाषेत म्हणाले, "लिमा तोशी, राणी." म्हणजे, मला घरी घेऊन चल. या वेळी एकही चूक झाली नाही. अक्का खळखळून हसली. "काय गं येडे, लेकीसंगं तूबी बोबडं बोलाया लागलीस व्हय?" सासूबाईही हसल्या. अक्का एसटीसाठी उठली. कडेवरची लेक तिच्याकडे हात पसरून म्हणाली, "लिमा तोशी."