बारावी पट्टी

बोटं पात्यावर घसरू नयेत म्हणून सुरीच्या मुठीपुढे पितळी पट्टी बसते. पातं घट्ट बसावं अशी तिची खाच कानशीनं घासताना मी अकरा पट्ट्या वाया घालवल्या होत्या. बाबा दर वेळी सुरी खिडकीसमोर धरायचे. खाचेतून प्रकाशाची रेघ दिसली की म्हणायचे, “छान उजेड पाडलास, पोरी. पुन्हा कर.” आज बारावी पट्टी ठोकून बसवली आणि बिनमुठीची सुरी बाकावर ठेवली. हल्ली बाबांचा हात कापतो. तरी त्यांनी ती उजेडात धरली, चष्मा पुसून पुन्हा धरली. रेघ कुठेच नव्हती. मग मी मूठ चढवून सुरी पुन्हा बाकावर ठेवली. आमच्या कारखान्यात मूठ पुढे करून सुरी द्यायची ती फक्त उस्तादाला. इतरांनी ती बाकावरून उचलायची. बाबांनी सुरी फिरवली, पातं स्वतःच्या थरथरत्या तळहातावर घेतलं आणि मूठ माझ्याकडे केली. ती घ्यायच्या आधी मी माझे हात तीनदा पुसले.