दुसरा ल

देवयानीनं 'फळ'चं फल लिहिलं, 'केळं'चं केला. 'बाळ'पाशी मात्र निमिषनं तिचा हात धरला.

"अगं, हा ल नाही. दुसरा ल."

"दुसरा कुठला, बाबा? तुम्ही तर ल-च म्हणालात."

मुलगी पहिलीत होती. शब्द तोडायचा, एकेका आवाजाला एकेक बोट मिटायचं आणि मग लिहायचं, हे तिला आईनं शिकवलं होतं. तिनं पुन्हा दोन बोटं मिटली. "बा. ल. बाल. म्हणजे केस ना?"

निमिषचा जन्म बनारसचा, दूधविनायक मोहल्ल्यातला. त्याच्या घरात ळ कुणालाच येत नसे. आजोबांपासून सगळ्यांनी ल-वरच भागवलं होतं. कस्तुरी लग्न होऊन वाईहून आली, तेव्हा त्याच्या 'डोल्यां'ना पोट धरून हसली होती. "असू दे," ती म्हणाली होती, "बाळाला मी शिकवीन."

पावसाळ्यात कस्तुरीला मणिकर्णिकेच्या घाटावर पोचवून आल्यापासून बापलेक घरात हिंदीच बोलत. मराठी शब्द तोंडात आला की तो तिच्या आवाजात ऐकू यायचा. त्यापेक्षा हिंदी बरी वाटे. आज शुद्धलेखनासाठी मराठीचं पुस्तक उघडलं, तेव्हा कुठं दोघं पुन्हा मराठीत बोलत होते.

निमिष सावरून बसला. त्यानं जीभ टाळूला लावली, जरा मागं नेली. "बाल."

"सेम तर आहे."

"मग तू म्हण. आई म्हणायची तसं."

देवयानीनं डोळे मिटले. तिची जीभ वर जाताना त्याला दिसली, अडखळून खाली येतानाही दिसली.

"बाल."

तिनं चटकन डोळे उघडले. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा.

"आधी यायचं मला," ती म्हणाली. "सच्ची, बाबा. यायचं."

"हो गं. यायचं." ते केव्हा गेलं, हे त्याला आठवेना.

तिनं पुस्तक जवळ ओढलं. अक्षराकडे बघत बघत वहीत ळ उतरवला. शेजारी शेजारी दोन गोल, अगदी सुबक.

"लिहिलं," ती म्हणाली. मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आता वाचून कोण दाखवणार?"