उजवा गुडघा

“डॉक्टर, गुडघा दिवसभर विचार करत बसतो,” मी फोनवर म्हणालो.

पलीकडे डॉक्टरीणबाई होत्या. त्या मनाच्या डॉक्टर. तीन वर्षं मी दर महिन्याला त्यांच्या ओपीडीत जायचो, आणि घरी मात्र गुडघा दाखवायला जातो म्हणून सांगायचो. लॉकडाउन लागला आणि ओपीडी फोनवर आली. माझ्या फोनचा आवाज फक्त स्पीकरवरच येतो, घर दोन खोल्यांचं, आणि समोर बायको लसूण सोलत बसलेली.

“कोणता गुडघा?” डॉक्टरांनी सावरून घेतलं.

“उजवा. बातम्या लागल्या की धडधडतो. शेजारी कोणी शिंकलं की गळून जातो. परवा तर आंघोळीत रडला.”

“जेवतो का नीट?”

“भात खातो कसाबसा. पोळीवर वासनाच नाही त्याची.”

“गोळी चालू ठेवा. सकाळी त्याला गच्चीवर फिरवा. आणि घरात कोणाशी बोललाय का तो?”

“छे! घरचे काय म्हणतील, याचीच तर धास्ती आहे त्याला.”

बायकोने ताट बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि फोन स्वतःकडे ओढला.

“डॉक्टर, यांचा मेंदू गुडघ्यात आहे हे मला लग्नापासून ठाऊक आहे,” ती म्हणाली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, “पण मार्चपासून माझाही डावा रडतोय हो.”