चुलीची जागा

छप्पन साली दोघा भावांची वाटणी झाली आणि सिंदेवाहीकडच्या त्या घरात मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. धाकट्या चंदाला चुलीची जागा मोठ्या जावेनंच, रंभानंच दाखवली.

"मधल्या भिंतीले लावून मांड वं. बाहेरच्या भिंतीले मांडली त सारी ऊब वाऱ्यावर जाते. इथी घरातच राह्यते."

चंदाला भरून आलं. चूल वेगळी झाली, पण माया काही वेगळी झाली नाही.

पौषात थंडीनं कहर केला. चंदा रानातून मोळ्यांवर मोळ्या आणायची, चूल धडधडून पेटवायची, तरी तिची तान्ही पोर कुडकुडायचीच. रंभाकडे तर रांधणं आटोपलं की ना धूर, ना जाळ. बिचारी गारठत असेल, म्हणून एका संध्याकाळी चंदानं आपल्याच चुलीतले निखारे खापरात काढले आणि तिच्या घरात गेली.

रंभा दाराकडे पाठ करून, मधल्या भिंतीला तळहात लावून बसली होती. तिच्या बाजूचं लिंपण पार बांबूच्या कामट्या दिसेपर्यंत खरवडलेलं होतं.

नवरा आला समजून, मागं न वळताच ती म्हणाली,

"आले काय जी? चंदीनं आज लाकडं कमी लावली वाट्टे. भिंत कोमटच हाय."