सर्दी उतरेपर्यंत

भावनाने दार लावलं, किल्ली फिरवली आणि काढून पर्समध्ये टाकली.

"कोण होतं वं?" आतल्या खोलीतून सिंधूताईंनी विचारलं.

"कुरिअरवाला होता, आई."

दारात आल्या होत्या अंजनाबाई, सिंधूताईंच्या कोराडीच्या घराशेजारी राहणाऱ्या. दोन मिनिटं भेटू दे म्हणून त्या विनवत होत्या. डॉक्टरांनी मनाई केली आहे, असं सांगून भावनाने सासूच्या मैत्रिणीला जिन्यातूनच परत पाठवलं होतं.

सिंधूताई मुलाच्या या नागपुरातल्या धरमपेठेच्या फ्लॅटवर आल्यापासून घरात कुणालाच येऊ दिलं जात नव्हतं. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्यात इस्पितळातून आल्या आल्या सर्दी जडली. नाक वाहायचं, डोळे लाल, आवाज बसलेला. भावना त्यांना भरवायची, वेणी घालून द्यायची, संध्याकाळी पातेल्यात पाणी उकळून वाफ द्यायची. डोक्यावरून टॉवेल घेऊन सिंधूताई बराच वेळ बसायच्या, पाणी निवलं तरी उठायच्या नाहीत. मोबाइल मात्र भावनाने त्यांच्या हाती लागू दिला नव्हता. अपघातात फुटला, असं सांगितलं होतं.

"मले कोराडीले नेऊन दे," एक दिवस सिंधूताई म्हणाल्या. "माह्या घरी जाऊ दे मले."

भावनाने ठरलेलं उत्तर दिलं. बाबांचाही पाय प्लास्टरमध्ये आहे, या वयात तुमची सर्दी त्यांना लागायला नको. अशक्तपणामुळे फोनवरही बोलवत नाही त्यांना. मधुसूदनकाका आहेत ना त्यांच्याजवळ.

सिंधूताईंनी डाव्या हाताने नाक पुसलं. "बरं," त्या म्हणाल्या. "त्याइले सांगजो, कान बांधून झोपा म्हणा."

भावना स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. निरोप द्यायला बाबा होतेच कुठे?

त्या दिवशी कामठीचं लग्न आटोपून सगळे कोराडीला परतत होते. भावनाचा नवरा संघपाल गाडी चालवत होता, ती त्याच्या शेजारी, मागे आई-बाबा. समोरच्या कोळशाच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला, संघपालने गाडी वळवली आणि तिची मागची बाजू ट्रकवर आदळली. संघपालच्या कपाळाला नुसतं खरचटलं, भावनाला तेवढंही नाही. मागचं दार चेपून अडकलं होतं. लोकांनी बऱ्याच वेळाने ते कापून दोघांना बाहेर काढलं तेव्हा सिंधूताई बेशुद्ध होत्या आणि सासरे धोंडबा गेलेले होते. सिंधूताई आयसीयूत असतानाच त्यांचा अंत्यविधी झाला.

त्यानंतर आईने डोळे उघडले. तिने काही विचारायच्या आतच संघपालच्या तोंडून निघून गेलं, "बाबा बरे हायेत, आई." सिंधूताईंनी त्याच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

त्या एका वाक्याने घराला कुलूप लागलं. मग शब्द मागे घेणं संघपालला जमेना. कामावरून आला की तो आईच्या खोलीच्या दारात उभ्याउभ्या औषधांची चौकशी करायचा आणि निघून जायचा. भावनाने विषय काढला की म्हणायचा, "तिची सर्दी उतरू दे, मग सांगतो."

सर्दी उतरत नव्हती. नातेवाईक चिडले होते, बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम पुढे ढकलला होता. भावनाची रजा संपत आली होती. फोन वाजला की ती बाल्कनीत पळायची. एखाद्या सकाळी सिंधूताईंचं नाक चोंदलेलं दिसलं की तिला चक्क सुटल्यासारखं वाटायचं. आजचा दिवस तरी टळला.

अखेर प्लास्टर काढायचा दिवस आला. हाड जुळलं आहे, आता बोटं हलवत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नुसत्या सर्दीच्या नावावर कोराडीला न्यायचं आता फार टाळता येणार नव्हतं.

घरी आल्यावर संघपाल पहिल्यांदाच खोलीत शिरला आणि आईच्या पलंगापाशी खाली बसला. सिंधूताई बोटं मिटून, उघडून पाहत होत्या.

"आई," तो म्हणाला, "मी तुले खोटं सांगितलं. बाबा..."

भावना दारात पाण्याचा पेला धरून उभी होती.

सिंधूताईंनी तो वाळलेला, पांढुरका पडलेला हात उचलला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला.

"राहू दे गा," त्या म्हणाल्या. "त्याइचा जीव गेला तवा डोकं माह्याच मांडीवर होतं."