दोन पांढऱ्या पेट्या

धाकटीने आपल्या मधमाश्यांच्या पेटीच्या दाराशी चाळणीतून पीठ भुरभुरलं. माखलेल्या माश्या फुलांकडे निघून गेल्या. आता परततात कुठे ते पाहायचं. दोघी जावा परसात हातभर अंतरावर उभ्या होत्या. बोलणं महिनाभर बंद होतं.

वाटणी झाली तेव्हा थोरलीने आपली पेटी लाल रंगवली, धाकटीने काळी. पुढे वाद नको म्हणून. पण गेल्या महिन्यात धाकटीच्या पिठाळलेल्या माश्या खुशाल लाल पेटीत शिरल्या होत्या. "गुळाचं पाणी ठेवून माझ्या माश्या फोडता होय!" चारचौघांत म्हणाली ती. थोरलीने देवाची शपथ घेतली. कुणी मानली नाही.

मग मधमाश्यांचे तपासनीस आले नि हसायलाच लागले. "अहो, लाल त्यांना दिसतोय कुठे? त्यांच्या लेखी दोन्ही काळ्याच. कुणीतरी एकीने पांढरा रंग द्या." बोलणं बंद, त्यामुळे एकमेकींना न विचारता दोघींनीही दिला. रंगाचे डबेसुद्धा वेगवेगळ्या दुकानांतून आणले.

आता दोन्ही पेट्या सारख्याच पांढऱ्या. थोरलीला वाटलं, आता तर आणखीच घोटाळा.

पहिली पिठाळलेली माशी आली. क्षणभर हवेत थांबली नि धाकटीच्या पेटीत शिरली. दुसरीही. मग दहा-बारा. थोरलीच्या दाराकडे एकही फिरकली नाही.

"तपासनिसांनी कालच फोनवर सांगितलं मला," थोरली अडखळत म्हणाली. "जांभळ्याच्या पलीकडचा एक उजेड असतो म्हणे. आपल्याला नाही दिसत, माश्यांना दिसतो. एक पांढरा रंग तो उजेड गिळतो, दुसरा परत फेकतो. म्हणजे त्यांना या दोन पेट्या..." तिने एका पेटीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. डोळे बारीक केले. तसूभरही फरक दिसेना. "...वेगळ्या दिसतात."

"लाल-काळ्यात चुकल्या, आणि पांढऱ्या-पांढऱ्यात नाही चुकत?"

थोरलीला स्वतःचंच बोलणं खरं वाटेनासं झालं होतं.

धाकटीने चाळणी खाली ठेवली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज निवळला. "जाऊ दे, ताई. सोडलंत ना आता ते पाणी ठेवायचं? माझ्यापुरतं मिटलं."

"अगं, पण मी कधी—"

तोवर धाकटीने घरातून स्टूल आणून सावलीत ठेवलं, पदराने पुसलंही. "बसा. किती वेळ उन्हात उभ्या आहात."

थोरली स्टुलाकडे बघत राहिली. मग बसली.