गुणी लारास

आठ वर्षांच्या स्वमग्न लारासला 'ये' म्हटलं की यायला आणि 'बस' म्हटलं की बसायला शिकवण्यात तिच्या आईची, सर्तिनीची, दोन वर्षं गेली होती. दर वेळी ऐकलं की हातावर गुळाचा खडा. आता इंडोनेशियातल्या सोलो शहराच्या बाजारात सर्तिनीच्या गाळ्याशेजारची मासेवाली म्हणायची, "नशीब काढलंस गं! माझी कार्टी घसा फोडला तरी ऐकत नाहीत."

आज गिऱ्हाइकाला टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बांधून देऊन सर्तिनी मागे वळली, तर लारास जागेवर नव्हती. ती धावत बाजाराच्या फाटकापाशी पोचली, तर लारास एका अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर बसलेली, हात पसरून.

"ओरडता कशाला, बाई? मी 'ये' म्हटलं, आली. 'बस' म्हटलं, बसली," तो म्हणाला. सर्तिनीने लेकीला खाली ओढलं, तसा तो गाडी पिटाळत निघून गेला.

घरी येऊन, दाराला कडी घालून ती लारासपुढे बसली. "आता कोणीही 'ये' म्हटलं, की 'नाही' म्हणायचं. कळलं? चल... ये."



"नाही," असं म्हणत लारास उठली, जवळ आली आणि तिने गुळासाठी हात पुढे केला.